क्रीटमधील क्तेल बससेवा: दहा दिवसांच्या प्रवासानंतरचे मत

ग्रीसच्या दक्षिण टोकाला असलेल्या क्रीट बेटावर उतरलेले बहुतेक पर्यटक मोटार भाड्याने घेतात. आम्ही उभयतांनी मात्र दहा दिवस केवळ क्तेलच्या बसने प्रवास केला, आणि ज्यांना समुद्रकिनाऱ्यांपलीकडचे क्रीट पाहायचे आहे त्यांना मी हीच सेवा मनापासून सुचवेन.

क्तेल हे आपल्या एसटीसारखे सरकारी महामंडळ नव्हे. बसमालकांनी एकत्र येऊन तिकिटांचे उत्पन्न सामाईक ठेवायचे, अशी ही 1952 पासूनची व्यवस्था असून ग्रीसमध्ये ती जिल्हावार उभी राहिली. क्रीटमध्ये आज अशा दोन संस्था आहेत: पश्चिमेला हनिया-रेथिम्नोची आणि पूर्वेला इराक्लिओ-लासिथीची. 2011 मध्ये जुने जिल्हे प्रशासकीय दृष्ट्या संपले, देशाचे 13 प्रदेश स्वशासित झाले आणि क्रीटचा कारभार निवडून आलेल्या प्रादेशिक गव्हर्नरकडे गेला. तरी त्या जुन्या सीमा बसच्या वेळापत्रकात अजून जिवंत आहेत. प्रवाशाने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे, की वेळापत्रके दोन वेगळ्या ठिकाणी पाहावी लागतात आणि पूर्वेकडील सितिआहून पश्चिमेकडील हनियाला जाताना इराक्लिओला बस बदलावी लागते.

मार्गांची रचना फणीसारखी आहे, आणि तिचे कारण डोंगर. बेट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर लांब असले तरी इएरापेत्राजवळ ते जेमतेम 12 किलोमीटर रुंद आहे, आणि मध्यभागी 2456 मीटर उंचीच्या प्सिलोरितिससह पर्वतांची रांगच उभी आहे. त्यामुळे इराक्लिओ, रेथिम्नो आणि हनिया ही मोठी शहरे उत्तर किनाऱ्यावर वसली. त्यांना जोडणाऱ्या महामार्गावर बस वारंवार मिळते. दक्षिणेकडे जाणारे फाटे मात्र घाटातून उतरतात आणि त्यांवर फेऱ्या मोजक्याच असतात.

या सेवेची खरी परीक्षा समारिया घळीच्या दिवशी होते. हनियाहून पहाटेची बस ओमालोसच्या पठारावर सोडते. तिथून सुमारे 16 किलोमीटर चालत उतरल्यावर आयिया रूमेली लागते, जिथे मोटारीचा रस्ताच पोचत नाही. पुढे बोटीने होरा स्फाकिओनला यायचे आणि तिथून पुन्हा बसने हनिया गाठायचे. भाड्याची मोटार घेतली असती तर ती ओमालोसलाच अडकली असती. होरा स्फाकिओनला बोट लागली तेव्हा आमची बस तिथे उभी होती आणि शेवटचा प्रवासी चढल्यावरच ती निघाली. दिवसभर चालून पाय थकलेल्या माणसाला त्या व्यवस्थेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

बसच्या खिडकीतून अर्थव्यवस्थाही दिसते. इराक्लिओच्या पूर्वेला हेर्सोनिसोस आणि मालियापर्यंत हॉटेलांची सलग रांग आहे. इएरापेत्रा जवळ येऊ लागली की टोमॅटो आणि काकडीची प्लास्टिकने आच्छादलेली हरितगृहे सुरू होतात. आणि या दोहोंच्या मधे, डोंगरउतारांवर, जिथे नजर जाईल तिथे ऑलिव्हच्या बागा. बसच्या पोटात सामानाबरोबर गावोगावची पार्सले जातात, ही गोष्ट मला विशेष भावली, कारण त्यामुळे ही सेवा स्थानिकांची आहे हे जाणवत राहते.

लहान गावांच्या फेऱ्या तर शाळा आणि बाजार यांच्या वेळा धरूनच आखलेल्या असतात. सकाळी गावातून शहराकडे आणि दुपारी परत, असा त्यांचा क्रम असल्याने पाहुण्याला तो उलटा पडतो. अशा गावी मुक्काम करायचा नसेल, तर परतीची बस आहे की नाही हे तिकीट घेण्याआधी खिडकीवर विचारून घ्यावे. समारियाची घळ साधारण मे ते ऑक्टोबर एवढीच उघडी असते, हेही तारखा ठरवताना लक्षात असू द्यावे.