परिच्छेद-लेखनाचा कोर्स, सोबतची वही आणि ती चार ओळींची चौकट

कोर्सच्या मुदतवाढीचा मेसेज काल परत आला. खाली 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा' असंही आहे, तेव्हा घ्या.

नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने मराठीत एम.ए. करतेय. समीक्षेच्या उत्तरात माझे मार्क जायचे ते मधल्या परिच्छेदांत. प्रस्तावना जमते, समारोप कसाही रेटता येतो, मधे मात्र कवितेचा अर्थ सांगत बसायची सवय. म्हणून हा ऑनलाइन कोर्स घेतला. वहीसकट 2,400 रुपये, कुरिअरचे 90 वेगळे. नाव देत नाही, कारण तक्रार अजून मिटलेली नाही. परिच्छेदाचा साचा असा: मुद्दा म्हणजे आपला दावा, पुरावा म्हणजे कवितेतले शब्द, विश्लेषण म्हणजे त्या शब्दांवरून दावा कसा ठरतो ते, आणि दुवा म्हणजे परिच्छेद बांधून पुढे जोडणारं शेवटचं वाक्य. इंग्रजी शाळांतल्या पोरांना 'पील' म्हणून घोकवतात तोच. जास्त समजावत बसत नाही.

आधी वहीबद्दल, कारण डोकं तिनेच फिरवलं. प्रत्येक पानावर साच्याच्या चार रंगीत चौकटी छापल्यात. मुद्द्याला दोन ओळी, पुराव्याला आठ, विश्लेषणाला चार, दुव्याला तीन. पुराव्याला आठ आणि विश्लेषणाला चार! हे ज्याने आखलं त्याने आयुष्यात एक तरी उत्तर लिहिलंय का, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. आठ ओळी भरायच्या तर निम्मी कविता उतरवावी लागते. कागदावर रिकामी जागा दिसली की आपला हात ती भरतोच. सुरुवातीला बरेच दिवस कडवंच्या कडवं उतरवायचं आणि खाली 'यातून कवीची व्याकुळता प्रभावीपणे व्यक्त होते' एवढं लिहून मोकळं व्हायचं, असंच चाललं होतं. चौकट भरली की परिच्छेद झाल्यासारखा वाटतो, ही त्यातली खरी गोम.

मदतकक्षाला लिहिलं. उत्तर आलं, 'ताई, डिझाइन तसंच आहे. प्रगत वहीत विश्लेषणासाठी पूर्ण पान दिलेलं आहे.' प्रगत वही 650 रुपयांना. म्हणजे कविता उतरवायला जागा फुकट आणि विचार करायला जागा हवी तर वेगळे पैसे. मी परत लिहिलं, त्यांनी दहा टक्के सूट देऊ केली. सूट नको होती, आणखी चार ओळी हव्या होत्या. शेवटी दादरला स्टेशनबाहेरून साधी फुलस्केप वही घेतली आणि पट्टीने स्वतः आखली. पुराव्याला दोन ओळी, विश्लेषणाला दहा. मूळ वहीचं स्पायरल तोवर पावसात डब्याच्या पिशवीत गंजून सुटलं होतंच.

व्हिडिओ बरे आहेत, दीडपट वेगाने बघा. मुद्दा-वाक्याचा धडा मात्र सावकाश बघावा असा आहे. मर्ढेकरांची पिपात मेलेल्या उंदरांची कविता घ्या. 'या कवितेत उंदरांचे वर्णन आहे' ही माहिती झाली, तिच्याशी कोण भांडणार? 'ही कविता मरणापेक्षा जगण्यातल्या बळजबरीबद्दल जास्त बोलते' असं म्हटलं की समोरचा विचारतो, कशावरून? हा 'कशावरून' उठवता आला की पुढचा परिच्छेद लिहायला कारण मिळतं. सगळ्या कोर्समध्ये मला हे सर्वांत आधी उपयोगी पडलं.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे सरावाला कविता देतात त्यांवर कवीचं नाव नसतं. ही कल्पना त्यांची नव्हे. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना बिननावाच्या कविता देऊन टिपणं लिहून घेतली आणि ती पोरं काय काय चुकीचं वाचतात ते 1929 साली पुस्तकात मांडलं. नाव नसलं की चरित्राची कुबडी मिळत नाही. गंमत म्हणजे कोर्सचा स्वतःचा नमुना-परिच्छेद हे विसरतो. मर्ढेकरांच्या उंदरांच्या कवितेवरचा नमुना सुरू होतो 1947 च्या 'काही कविता' या संग्रहापासून, मग त्यावरचा अश्लीलतेचा खटला, मग निर्दोष सुटका, आणि कविता येते शेवटच्या दोन ओळींत. खटला प्रस्तावनेत शोभेल. 'माना पडल्या' हे शब्द दोनदा का आलेत, याचा जाब खटला देऊ शकत नाही.

आता तपासणी, म्हणजे ज्याचे खरे पैसे आहेत ती सेवा. परिच्छेद पाठवा, तीन दिवसांत शेरा मिळेल, असं वचन. मिळायचाही. 'छान प्रयत्न. अजून खोलात जा.' ऑफिसातल्या मैत्रिणीनेही हाच कोर्स घेतलाय, तिचा परिच्छेद एका कथेवर, विषय दुसरा, शेरा शब्दशः हाच. खोलात म्हणजे कुठे, विहिरीत? दोघींचे स्क्रीनशॉट शेजारी-शेजारी लावून पाठवले, पैसे परत मागितले. पैसे नाहीत मिळाले. एवढंच लिहून थांबले असते तर हा अभिप्राय एका ताऱ्याचा होता.

पण त्या भांडणानंतर तपासनीस बदलल्या. नव्या बाईंचा पहिला शेरा एकच ओळ होता, त्याच उंदरांच्या कवितेवर: 'मुरगळल्याविण आणि आसक्तीविण, मधे काय बदललं ते लिहा.'

ओळी अशा आहेत:

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

आधी मी लिहिलं होतं, 'कवीने पुनरुक्तीतून मृत्यूची भीषणता दाखवली आहे.' हे वाक्य कुठल्याही कवितेला चिकटवा, चिकटतं. बाईंच्या प्रश्नानंतर जे लिहिलं त्याचा गाभा असा: माना दोन्ही वेळा पडतात, बदलतं ते एवढंच, की काय नाहीये. पहिल्यांदा मान मुरगळणारा हात नाही, म्हणजे मारणारा कुणी नाही. दुसऱ्यांदा ओठ ओठांना लागलेत पण ओढ नाही. मरणाला कर्ता नाही आणि जवळिकीला इच्छा नाही, दोन्ही नुसत्या घडतात. आणि मग काही ओळींनंतर येतं: 'जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे.' आसक्ती गेली, मागे सक्ती उरली. ऐकायला अक्षराचा फरक, पण वरचा मुद्दा, मरणापेक्षा बळजबरीचा, इथे उभा राहतो. उद्धृताचे सुटे शब्द वाक्यातच गुंफले, कडवं उतरवलं नाही. पुराव्याला दोन ओळी पुरल्या, विश्लेषणाच्या दहाच्या दहा भरल्या.

ट्रेनमध्ये मुलुंड ते सीएसएमटी उभ्याने हे सुचत गेलं आणि भायखळ्याला मोबाइलवर टिपून ठेवलं. त्या दिवशी कोर्सवरचा राग निम्मा झाला, हे मान्य. वहीवरचा नाही.

तेव्हापासून मी एकच कसोटी लावते. उद्धृतावर हात ठेवायचा आणि खालचं वाचायचं. ते दुसऱ्या कवितेखालीही खपत असेल तर खोडायचं. 'प्रभावीपणे', 'समर्पकपणे', 'मनाला भिडते' या मंडळींची हकालपट्टी आपोआप होते. बाई हे तोंडाने सांगत नाहीत, पण त्यांचे शेरे सगळे याच दिशेचे असतात.

दुव्याबद्दल माझं मत मधे बदललं. सुरुवातीला वाटायचं, परिच्छेद बांधून ठेवायला शेवटचं वाक्य हवंच. आता तीन ओळींच्या त्या चौकटीचाही वैताग येतो. तिथे हमखास 'अशा प्रकारे' येतं आणि मुद्दा-वाक्य कपडे बदलून परत उभं राहतं. परीक्षकाने ते मघाशीच वाचलंय. वरचा परिच्छेद 'सक्ती उरली' इथे संपवला आणि पुढचा 'ही सक्ती कुणाची?' असा उघडला, तर दुवा आपसूक लागतो, वेगळी चौकट नको. मात्र नव्याने लिहिणाऱ्याने ती काही दिवस ठेवावी. मुद्दा भरकटला की शेवटचं वाक्य जुळत नाही, आणि चूक तिथे पकडली जाते.

कथा-कादंबरीच्या उताऱ्यांचे धडे जेमतेम आहेत. तिथे पुरावा म्हणजे काय धरायचं, संवाद की निवेदकाचा सूर, हे उरकून टाकलंय. नाटकाला तर हातच लावलेला नाही.

तारे: व्हिडिओंना साडेतीन, नव्या बाईंना पाच, जुन्या शेऱ्यांना शून्य, वहीला अर्धा, तोही कागद जाड आहे म्हणून. घ्यायचाच असेल तर वहीशिवायचा पर्याय मागा. वेबसाइटवर दिसत नाही, पण मदतकक्षाला विचारलं की 1,900 ला देतात, माझ्या मैत्रिणीच्या बहिणीला दिला. तपासणी कोण करणार ते पैसे भरायच्या आधी लेखी घ्या. मुदतवाढ मी अजून केलेली नाही. त्याच बाई राहणार का, असं विचारलंय. उत्तर आलं, 'ताई, टीम ठरवेल.'