क्रिम्पिंग मशीनचा डाय: जुनाच सांभाळायचा की नवा सेट घ्यायचा?

हायड्रॉलिक होजच्या टोकाला फिटिंग पकडून ठेवणारं धातूचं कडं म्हणजे फेरूल, आणि मशीनमध्ये त्याला सगळ्या बाजूंनी दाबणारे तुकडे म्हणजे डाय. दाबल्यानंतरचा फेरूलचा व्यास (क्रिम्प व्यास) कंपनीच्या चार्टपेक्षा जास्त यायला लागला की बरेच जण लगेच नव्या सेटची ऑर्डर देतात. माझं मत, आधी साफसफाई करा. होज कापताना उडालेली रबराची भुकटी आणि तारेचे तुकडे डायच्या मागे अडकतात, आणि व्यास तेवढ्यानेही बिघडतो. डायचे आठही तुकडे काढून पुसा. डाय ज्या पृष्ठभागावर सरकतात तिथे कंपनीने सांगितलेलं ग्रीस लावा. फेरूलला टेकणारा भाग मात्र कोरडा ठेवा. मग एक नमुना दाबून व्हर्नियरने फेरूलच्या मध्यभागी, गोल फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा.

सगळीकडे सारखाच फरक असेल तर मशीनवरच्या मायक्रोमीटरची, म्हणजे किती व्यासापर्यंत दाबायचं ते ठरवणाऱ्या भागाची, सेटिंग बदलून काम भागतं, खर्च जवळजवळ शून्य. पण आकडे एकमेकांशी जुळत नसतील, म्हणजे फेरूल लंबगोल होत असेल, तर सेटिंगने काहीच होणार नाही. अर्धा इंची दोन-वायर (तारेच्या जाळीचे दोन थर असलेला) होज २७५ बार दाबावर चालतो. तिथे फिटिंग निसटली तर जवळच्या माणसाच्या जिवावर बेततं. डायला तडा किंवा कडेला टवका दिसला तरी घासून चालवू नका.

नवा घ्यायचा तर पूर्ण सेटच घ्या. एकच तुकडा बदलला तर दाब असमान पडतो. आणि हो, नव्या डायनेही फेरूल लंबगोलच आला, तर खालचे मास्टर डाय, म्हणजे ज्यांच्यावर हे डाय बसतात ते, तपासा.