बेसबॉल मॅनेजर गेमचं इंजिन: चेंडूगणिक की बॅटरगणिक?

संघ सांभाळण्याचा बेसबॉल गेम लिहायला घेतला की हा प्रश्न लगेच समोर येतो. प्रत्येक चेंडूचा निकाल काढायचा, की बॅटर आला की एकदाच आकडा काढून वॉक (चार बॉल, म्हणजे झोनबाहेरचे चेंडू, सोडल्यावर मिळणारा पहिला बेस), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), सिंगल (एका बेसचा फटका) किंवा होम रन ठरवून टाकायचं? मी दोन्ही लिहून पाहिलं आहे.

चेंडूगणिक इंजिनाची ओढ खरी आहे. काउंट ३-० (तीन बॉल, एकही स्ट्राइक नाही) असताना बॅटरला मारायची मोकळीक द्यायची का, हिट-अँड-रन (चेंडू पडताच रनर पळतो आणि बॅटर मारतोच) कुठल्या चेंडूवर लावायचं, हे निर्णय तिथेच जिवंत होतात. तुमचा गेम खेळणारा एकेक सामना बसून बघणार असेल, तर हा मार्ग नक्की विचारात घ्या.

मला मात्र त्याच्या ट्यूनिंगनं जेरीस आणलं. वॉक जरा जास्त पडत होते, म्हणून स्ट्राइक झोनबाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवण्याची शक्यता किंचित वाढवली. वॉक कमी झाले, पण स्ट्राइकआउट वाढले. ३-१ सारखे बॅटरच्या सोयीचे काउंट घटले, म्हणून होम रनही घटले. चेंडू कमी लागल्यामुळे स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) लांबपर्यंत टिकू लागले आणि बुलपेन, म्हणजे राखीव पिचर, नुसतं बसून राहिलं. मैदानावरही हे सगळं असंच गुंतलेलं असतं, मान्य. पण ३० संघांचे २,४३० सामने पळवून लीगचे आकडे जुळवायचे असतात, तेव्हा ही गुंतवळ दर वेळी नव्यानं सोडवत बसावी लागते.

बॅटरगणिक पद्धत जुनी आहे. १९६१ पासूनच्या स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये फासे टाकून निकाल कधी बॅटरच्या, कधी पिचरच्या कार्डावर बघतात. कोडमध्ये बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्स याचं लॉग फाइव्ह सूत्र कामी येतं; बॅटर आणि पिचर समोरासमोर आले की काय होईल, याचा अंदाज ते देतं. बॅटरची सरासरी (दर प्रयत्नामागे हिट) .३००, पिचर समोरच्यांना .२०० वर रोखणारा, लीगची सरासरी .२५०, तर उत्तर साधारण .२४३. प्रत्येक निकालाचं असंच काढायचं आणि सगळ्यांची बेरीज १ वर आणायची. वॉक जास्त वाटले तर वॉकचाच आकडा बदलायचा, बाकीच्यांचं आपसातलं प्रमाण तसंच राहतं.

थकव्यासाठी चेंडूंची संख्या निकालानंतर काढावी लागते: वॉकला चार तरी, स्ट्राइकआउटला तीन तरी. मुद्दाम दिलेला वॉक वेगळा ठेवा, मेजर लीगमध्ये २०१७ पासून त्याला एकही चेंडू टाकावा लागत नाही. बेस चोरणं मात्र बॅटरच्या निकालाआधी स्वतंत्र तपासावं लागतं, आणि ते जोडकाम वाटतं, हे खरं.

तरीही मॅनेजरचे मोठे निर्णय दोन बॅटरच्या मधल्या वेळेतच होतात, असं मला वाटतं. आठवी इनिंग, एका धावेची आघाडी, समोर डावखुरा बॅटर. डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर सहसा जड जातो, म्हणून डावखुरा रिलिव्हर (बदली पिचर) आणावा, तर २०२० च्या नियमानं त्याला तीन बॅटर किंवा इनिंग संपेपर्यंत टाकावं लागणार, आणि मागे दोन उजवे दणकेबाज उभे आहेत. हा पेच उभा करायला एकेका चेंडूची गरज पडत नाही.

म्हणून आधी बॅटरगणिक लिहा, असं सुचवेन. आकडे जुळले की मोक्याच्या बॅटरपुरते चेंडू पडद्यावर दाखवता येतात. निकाल ठरलेलाच असतो, काउंट तेवढा त्याच्यापर्यंत न्यायचा.