२८० रुपयांची नागरिक सुरक्षा संहिता

तालुका कोर्टात माझी प्रॅक्टिस १९ वर्षांची, आणि त्यातली बहुतेक सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलमांच्या आकड्यांवर गेली. १ जुलै २०२४ ला तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली नि पाठ झालेल्या कलमांचा सगळा पाढाच बदलला. तेव्हा घेतलेलं हे खिशात मावणारं द्विभाषिक बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीकाटिप्पणीशिवाय नुसता कायदा छापलेलं पुस्तक. छापील किंमत ३५०, कोर्टाबाहेरच्या पुस्तकवाल्याने २८० ला दिलं. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही, कारण खाली कुरकुर आहे.

पुस्तक घ्यायचं ते शेवटच्या तक्त्यासाठी. जुन्या कलमासमोर नवं कलम. ४३८ चा अटकपूर्व जामीन आता ४८२. आमच्या डोक्यात मात्र ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, ते गेले ५२८ ला. खरी गंमत १४४ ची. जमावबंदी गेली १६३ मध्ये आणि १४४ मध्ये आली पोटगी, जुनी १२५. गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या मावशींना म्हटलं, "१४४ चा अर्ज टाकू." त्या घाबरल्याच. "अहो वकीलबाई, जमाव कुठला? मी एकटीच राहते. पोरगा बघत नाही म्हणून तर आले!"

पण तक्ता एकाच दिशेने चालतो, जुन्यावरून नव्याकडे. न्यायाधीश साहेबांनी डायसवरून "हे ५०३ म्हणजे पूर्वीचं कुठलं?" विचारलं की रकान्यात बोट फिरवत उभं राहायचं. (४५७. जप्त गाडी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन, सोडवायचा अर्ज, आमचं रोजचं काम.) शेवटी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने उलटा तक्ता मीच केला.

मराठी बाजू वाचायला बरी आहे. कलम २३ ज्युनिअरला त्यावरूनच समजावलं: प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कैद पूर्वीसारखी ३ वर्षांपर्यंतच, पण दंडाची मर्यादा १०,००० वरून ५०,००० झाली आणि सामुदायिक सेवेची शिक्षा नव्याने आली. "मॅडम, त्याचे पैसे मिळणार?" असं त्याने विचारलं. तेही स्पष्टीकरणात आहे, बिनमोबदला.

आता ती कुरकुर. कलम १८७, म्हणजे जुनं १६७. पूर्वी पीसीआर (पोलीस कोठडी) काय घ्यायचा तो पहिल्या १५ दिवसांत. आता तेच १५ दिवस तुकड्यातुकड्याने मागता येतात, पण गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांच्या आतच. माझ्या प्रतीत मराठी बाजूला तिथे "साठ किंवा नव्वद" छापलंय. ती एकूण कोठडीची मुदत, जी उलटूनही दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. म्हणजे दोन वेगळ्या मुदती एक करून टाकल्या! आरोपी ४० दिवसांच्या गटातला, एमसीआरमध्ये (न्यायालयीन कोठडीत) ४७ वा दिवस, आणि तपास अधिकारी पुन्हा पीसीआर मागत होते. मी घाईत मराठी पान उघडलं, वाचलं आणि माझ्याच आरोपीच्या विरोधात जाणारं वाक्य मोठ्याने म्हणून बसले. साहेबांनी समोरचं इंग्रजी पुस्तक उघडून "मॅडम, पुन्हा वाचा" म्हटलं. विनंती नामंजूर झाली, पण त्या दिवशी बाररूममध्ये चहा मलाच पाजावा लागला. तेव्हापासून आकड्यांसाठी डावीकडचं इंग्रजी पान, अर्थासाठी उजवीकडचं.

घेतलंत तरी जुनं सीआरपीसी रद्दीत घालू नका. कलम ५३१ प्रमाणे १ जुलै २०२४ पूर्वीपासून चालू असलेले खटले जुन्याच कायद्याने चालतात, त्यामुळे बॅगेत दोन्ही लागतात. कागद पातळ आहे, अक्षर बारीक, पन्नाशीच्या पुढच्यांनी चष्मा जवळ ठेवावा. बांधणी यथातथाच. अटकेचं कलम ३५ सारखं उघडावं लागतं, ते पान सहा महिन्यांत सुटलं. सध्या स्टेपल मारून ठेवलंय.