सामू मोजायचा पेन मीटर आणि कोरफडीच्या कुंड्या: उन्हाळा ते थंडी वापरल्यावर

लातुरात गच्चीवर कोरफड, जेड, एचेव्हेरिया, हावर्थिया, अडेनियम अशी कमी पाण्यावर जगणारी झाडं लावणाऱ्यांनी मातीचा सामू (pH; ७ च्या खाली आम्ल, वर विम्ल म्हणजे अल्कधर्मी) मोजायचा मीटर घ्यावा का? घ्यावा, पण कोरफडीसाठी नाही. उन्हाळ्यात आणलेला डिजिटल पेन मीटर पावसाळा उलटून थंडी पडेपर्यंत वापरला आणि माझं हे मत पक्कं झालं.

आधी यंत्राबद्दल. मातीत खुपसायच्या दोन काड्यांचा मीटर स्वस्त मिळतो, पण कोरड्या मातीत त्याचा काटा भरवशाचा राहत नाही, आणि आपल्या या झाडांची माती तर बहुतेक वेळ कोरडीच असते. तो घेऊच नका. मातीच्या पाण्यात थेंब टाकून रंगावरून सामू ओळखायचं किट बरं आहे, मात्र काळ्या मातीचं पाणी लवकर निवळत नाही आणि गढूळ पाण्याचा रंग तक्त्याशी जुळवता येत नाही. पेनला ही अडचण येत नाही.

मोजायची रीत अशी: कुंडीत दोन-तीन इंच खालून माती घ्यायची. १० ग्रॅम मातीत २५ मिली डिस्टिल्ड वॉटर घालायचं. गाडीच्या बॅटरीत टॉपअपला घालतात ते पाणी चालतं, बॅटरीचं अ‍ॅसिड मात्र नव्हे. ढवळून अर्धा तास ठेवायचं, पुन्हा ढवळून पेन बुडवायचा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात मोजलंत तर त्या पाण्याचा गुण आकड्यात मिसळतो. पेनसोबत ४.०० आणि ६.८६ सामूच्या पुड्या येतात, त्यांच्या द्रावणात पेन अधूनमधून जुळवून घ्यावाच लागतो. टोकाची काचेची गोळी कोरडी पडू द्यायची नाही.

आता मातीकडे येऊ. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, चुनखडी पोटात घेऊन बसलेली. तिचा सामू साधारण ७.५ ते ८.५ असतो. माझ्याकडची शेतातली माती ८.२ निघाली, बोअरचं पाणी ७.८. कोरफडीला यात वावगं काही वाटत नाही, किंचित विम्ल माती ती सहज सोसते. मी मुद्दाम दोन कुंड्या शेजारी ठेवल्या होत्या: एकीत निव्वळ काळी माती, दुसरीत चाळलेला मुरूम आणि थोडं गांडूळखत. दोन्हींचा सामू आठच्या आसपास. जुलैच्या झडीत काळ्या मातीतली कोरफड बुडाशी मऊ पडली, पानं पाणचट झाली. मुरमातली टणक राहिली आणि थंडीपर्यंत तिच्या भोवती पिल्लं फुटली. म्हणजे प्रश्न सामूचा नव्हता, निचऱ्याचा होता. काळी माती पाणी धरून फुगते, मुळांना हवा मिळत नाही. कोरफडीचे पैसे मीटरवर घालवण्यापेक्षा ज्वारीच्या दाण्याएवढा मुरूम चाळून आणा.

एचेव्हेरियाचं तसं नाही. तिला आणि जेडला ६ ते ७ मधला सामू मानवतो. त्याच मुरमात एचेव्हेरियाची मधली नवी पानं फिकी पिवळी येऊ लागली, जुनी तशीच हिरवी. चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्याच जातीचं हे दुखणं. लोह मातीत असतं, पण सामू चढला की मुळांच्या हाती लागत नाही. इथे मीटर खरा उपयोगी पडला. मुरमाचे खडे बशीत घेऊन त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले. ज्या ढिगातले खडे फसफसले, तो चुनखडीचा म्हणून बाजूला काढला. न फसफसणारा मुरूम दोन भाग, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, गांडूळखत अर्धा भाग. सामू आला ६.४. एचेव्हेरियाची पुढची पानं निळसर हिरवी आली.

मात्र बोअरचं पाणी घालत राहिलं की हा आकडा हळूहळू चढतो. त्या पाण्यातल्या बायकार्बोनेट क्षारांचा हा प्रताप, कुंडीच्या काठावरचा पांढरा थरही त्याच जड पाण्याचा. म्हणून पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या या शहरात गच्चीवरचं पाणी गटारात सोडवतही नाही. ते संपलं की बोअरच्या पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड चिमूट चिमूट टाकून पेनवर ६.५ आणायचं, मगच घालायचं. ‘मातीत लिंबू पिळा’ हा सल्ला तपासून पाहिला: चुनखडीच्या मातीत आकडा थोडा उतरतो आणि लवकरच परत जागेवर येतो, कारण मातीतला चुना ते आम्ल खाऊन टाकतो. गंधकाची भुकटी चालते, पण तिचं काम जिवाणू करतात, त्याला महिने लागतात आणि चुनखडी जास्त असेल तर तीही पुरी पडत नाही. चुलीतली राख या झाडांना घालूच नका, ती सामू आणखी चढवते.

कोरफड, स्नेक प्लांट एवढंच असेल तर पेन घेऊ नका. एचेव्हेरिया, जेड, अडेनियमच्या पाच-सहा कुंड्या असतील आणि पाणी बोअरचं असेल तर घ्या, आणि घेताना जुळवणीच्या पुड्या व टोक ओलं ठेवायचं द्रावण सोबत आहे का ते बघून घ्या.