मणक्याची गादी: जेल भरायचं, ऑपरेशन करायचं की थांबायचं?

आधी हे ठरवा: जास्त दुखतं कुठं, कमरेत की पायात? गादीत भरायचं फुगणारं जेल, ऑपरेशन की व्यायाम, हे पुढचं सगळं या उत्तरावर अवलंबून आहे. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, पार अंगठ्यापर्यंत कळ जात असेल तर बहुतेक वेळा गादीचा, म्हणजे दोन मणक्यांमधल्या मऊ चकतीचा, तुकडा बाहेर येऊन नस दाबत असतो. नुसती कंबरच धरत असेल, बसलं-वाकलं की वाढत असेल, तर इतर कारणांबरोबर गादी सुकल्याचाही विचार होतो. जेल आहे ते या दुसऱ्या दुखण्यासाठी. दबलेली नस जेल भरून सुटत नाही. हा फरक न सांगता कोणी जेलची गोष्ट करत असेल, तर तिथंच सावध व्हा.

गादीच्या मधला गर मुळात पाणी धरणारं जेलच असतो, तरुणपणी त्यात ऐंशी टक्क्यांच्या वर पाणी असतं. दिवसभर भाराखाली ते थोडं बाहेर जातं आणि रात्री झोपेत परत शोषलं जातं, म्हणून सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते. वय वाढतं तशी ही पाणी धरायची ताकद कमी होते. मोठ्या माणसाच्या गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे ती स्वतःहून नीट भरून येत नाही. एमआरआयची फिल्म खिडकीकडे धरून बघा. चांगली गादी मधोमध पांढुरकी दिसते, सुकलेली काळी. आमच्या दारव्ह्याकडच्या वहिनींच्या फिल्मवर शेवटच्या दोन गाद्या काळ्या होत्या, आणि त्या बघूनच घरच्यांनी ऑपरेशनचं मनावर घेतलं होतं. पण काहीच न दुखणाऱ्या पन्नाशीच्या लोकांची एमआरआय केली, तरी सुमारे ८० टक्के लोकांत गादीची झीज दिसते. काळी गादी म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच, असं नाही.

आता जेल. कल्पना सरळ आहे: कोरडा, बारीक तुकडा आत सोडायचा, तो भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा फुगेल आणि दोन मणक्यांमधली जागा धरेल. १९९६ पासून माणसांत बसवलेल्या पीडीएन नावाच्या इम्प्लांटमध्ये जेलची गोळी विणलेल्या पॉलिथिलीनच्या पिशवीत होती. ती बसवायला गादीच्या कडेला मोठा छेद घ्यावा लागे. काही रुग्णांत त्याच वाटेनं ती सरकून बाहेर आली आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. त्यानंतर जेलस्टिक्ससारख्या काडीएवढ्या बारीक कांड्या आल्या, ज्या सुईतून आत जातात आणि तिथं फुगतात. हायड्राफिल हे जेल तर गरम करून पातळ अवस्थेत सोडतात. ते फटींत शिरतं आणि अंगाच्या तापमानाला घट्ट होतं. मोठा छेद टळला, ही खरी प्रगती आहे. कोलंबियातल्या २० रुग्णांवरचे हायड्राफिलचे सुरुवातीचे निकाल २०२१ मध्ये मांडले गेले आणि ते आशादायक होते. पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता. कंबरदुखीत नुसती सुई टोचूनही बरं वाटणारे बरेच असतात, त्यामुळे तेवढ्यावर मी घरच्या माणसाला जेल घ्या म्हणणार नाही. औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं त्याला ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला आहे. त्यानं तपासणीची प्रक्रिया जलद होते, ती विक्रीची मंजुरी नव्हे.

माझी मोठी शंका आपल्या शेतातल्या कामाबद्दल आहे. १९९९ मध्ये जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या गादीत सेन्सर बसवून दाब मोजला होता. नुसतं उभं असताना तो ०.५ मेगापास्कल (दाबाचं माप) होता. पाठ वाकवून २० किलो उचलल्यावर २.३, म्हणजे साडेचार पटीच्या वर. सोळा लिटरचा फवारणीचा पंप भरला की पंपासकट वजन वीस किलोच्या आसपास जातंच. वरून कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून कापसाची वेचणी, डोक्यावर गाठोडं. शहरात खुर्चीवर काम करणाऱ्याच्या गादीत टिकलेलं जेल पऱ्हाटीच्या शेतात टिकेल, असं धरून चालता येत नाही. शिवाय गादी पार बसलेली किंवा कडेला मोठी फाटलेली असेल तर जेल धरून ठेवायला भिंतच उरत नाही. मधल्या टप्प्यातल्या झिजेतच त्याचा विचार होतो.

पायात कळ असणाऱ्यासाठी तुलना वेगळी आहे. बाहेर आलेला तुकडा काढण्याचं ऑपरेशन, म्हणजे डिसेक्टॉमी, जुनं आणि पारखलेलं आहे. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये छापून आला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाअखेरीस थांबलेले आणि ऑपरेशन केलेले जवळपास सारखेच बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं. म्हणून कळ सोसवत असेल तर सहा ते बारा आठवडे औषधं, चालणं आणि फिजिओथेरपीला द्यावेत, नसेल सोसवत तर ऑपरेशनला भिऊ नये. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना तिथंच पुन्हा तुकडा येतो, हे मनात ठेवूनच सही करा.

नुसत्या कंबरदुखीसाठी स्क्रू घालून मणके जोडायचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या ३४९ रुग्णांच्या अभ्यासात स्क्रूचं ऑपरेशन आणि नेटानं करून घेतलेला व्यायाम यांत ऑपरेशन सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. मालिशवाल्याकडून मणका ‘बसवून’ घेणं तर टाळाच, नस दबलेली असताना त्या झटक्यानं उलट नुकसान होऊ शकतं.

काही लक्षणं दिसली तर थांबून चालत नाही: लघवी अडणं किंवा नकळत होणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पाऊल लुळं पडणं. असं झालं तर त्याच दिवशी सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरचं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय गाठा. सिरोंचाहून नुसतं गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या घरात आहे, तेव्हा सकाळची वाट बघू नका.

पैशाचं बघितलं तर डिसेक्टॉमीसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा, आणि तुमचं ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसतं का ते भरती व्हायच्या आधी विचारा. जेल हा आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयातला नेहमीचा उपचार नाही. शेत गहाण टाकून ते करायला मोठ्या शहरात जाऊ नका, हे मी कळकळीनं सांगतो.

जेल घ्यायचंच असेल तर नव्या उपचाराच्या नोंदणी झालेल्या चाचणीतून घ्या. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत चाचणीचा क्रमांक असतो, तो मागून घ्या. तुम्हाला समजेल त्या भाषेत, म्हणजे मराठीत, संमतीपत्र मिळणं हा तुमचा हक्क आहे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईचीही तरतूद आहे. डॉक्टरांना विचारा: जेल सरकलं तर काढणार कोण, जंतुसंसर्ग झाला तर भरती कुठं व्हायचं, आणि वेचणीच्या दिवसांत तपासणीला यायचं भाडं कोण देणार? उत्तरं कागदावर घ्या, आणि संमतीपत्राची एक प्रत घरी घेऊनच निघा.