पोलिसांना शाळेतल्या मुलाची माहिती हवी असेल तर: तोंडी विचारणा की लेखी आदेश?

पुण्यातल्या महापालिकेच्या एका शाळेत पाहिलेलं. हवालदार आले, कपाटातलं जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेतल्या मुलांची नोंदवही, टेबलावर उघडलं गेलं आणि एका मुलाच्या नोंदीसाठी अख्ख्या पानाचा मोबाइलवर फोटो निघाला. त्या पानावर बाकीच्या मुलांची नावं, जात, जन्मतारीखही होती. त्यांचा काय संबंध?

तोंडी विचारणेत वेळ वाचतो. मूल हरवलं असेल तर तो वेळ लाखमोलाचा. तिथे अडवूच नये. एरवी मात्र कोणी, काय, कशासाठी नेलं याचा मागमूस राहत नाही.

लेखी आदेशाचं तसं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ९४नुसार पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी तपासाला लागणारा कागद लेखी मागू शकतात, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही. म्हणजे फार उशीरही होत नाही. मागितलं तेवढंच द्यायचं, आवक-जावक रजिस्टरला नोंद करायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. तो चौथीतल्या पोरालाही आहे.

म्हणून माझा कौल लेखीलाच. ‘साहेब, तेवढं लेखी द्या’ म्हणायला मुख्याध्यापकांनी कचरू नये. आणि पालकसभेत आपण हे विचारायलाच हवं.